बोलघुमटातली कुजबूज

आपले लोक प्रवासाला निघतात ते तीनच कारणांनी: देव, सोयरीक किंवा कोर्ट. नुसते पाहायला म्हणून आगगाडीत बसलेला माणूस कल्याणात मला अजून भेटायचा आहे. आणि बसलाच एखादा, तर बायकोला घरी ठेवून. तिला डोळे नसतात अशी या विद्वानांची समजूत असावी. मी हे छापून सांगितले आहे, आणि बाजारातल्या लोकांनी तो कागद शेंगा बांधायला वापरला आहे. हरकत नाही. शेंगा खाताना तरी नजर पडेल.

तेव्हा नाताळच्या सुटीत मी बायकोला घेऊन विजापूर पाहायला जातो असे घरी सांगितले, त्या दिवशी काय झाले ते सांगण्यासारखे आहे. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. कातरणे थांबले.

"विजापुरास कोणता देव?"

"देव नाही. आदिलशाहीची राजधानी होती. घुमट आहे, तोफ आहे, राजवाडे आहेत."

"मग तुला एकट्याला दिसत नाहीत का ते?"

विजापूरचे वेड माझे नव्हतेच, हिचे होते. शाळेच्या इतिहासात तिने वाचले होते की तिथला घुमट एवढा थोरला, पण आत एक खांब नाही. तेव्हापासून प्रश्न एकच: "मग राहतो कशावर?" शेवटी म्हटले, चल, बघूनच येऊ.

वाट मोकळी केली ती आत्याने. बाबांची ही थोरली बहीण. लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. लाल लुगडे, डोक्यावरून पदर, आणि तोंडात जीभ अशी की बाबा जगात फक्त तिलाच भितात. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मी जाते बरोबर. वाटेत सोलापूरला सिद्धेश्वराचं दर्शन घेऊ. झाला ना देव? कातर तुझी सुपारी."

असे आम्ही तिघे निघालो.

पण सहलीच्या पोटात दुसरे काम होते, आणि ते घुमटापेक्षा मोठे होते. मी ठाण्याला शाळेत शिकवतो आणि फावल्या वेळी एका छापखान्यात बसतो. तळ्याजवळ एका खोलीत राहतो, खानावळीत जेवतो, शनिवारी संध्याकाळी कल्याणला येतो. ठाण्यात मुलींची एक नवी शाळा निघाली होती, आणि तिला लहान मुलींना अक्षरे शिकवायला बाई हवी होती. ही शिकवील, हे मी त्या मंडळींना सांगून बसलो होतो. हिचा आनंद गगनात मावत नव्हता. फक्त त्यासाठी ठाण्यात वेगळे बिऱ्हाड करायला हवे, आणि बाबांचे म्हणणे ठरलेले: मी आहे तोवर या घराच्या दोन चुली व्हायच्या नाहीत. बाबांना वळवील तर आत्याच. आणि शाळेला जबाब संक्रांतीच्या आत हवा होता. तेव्हा या प्रवासात कुठे तरी मी आत्याजवळ विषय काढायचा, असे आमचे ठरले होते.

आमच्या घरात नवराबायकोने दिवसा बोलायचे नाही. तशी रीतच आहे, आणि ती मूर्खपणाची आहे. हिला मला काही सांगायचे असले तर ती माझ्या बाजूच्या भिंतीला सांगते: "पाणी तापलंय." मी भिंतीला उत्तर देतो: "येतो." राहिली रात्र, तर आमच्या खोलीची एक बाजू नुसत्या फळ्यांची, आणि फळ्यांपलीकडे सारे घर निजलेले. त्यामुळे आम्ही दोघे कुजबुजण्यात इतके तयार झालो आहोत की ओठ हलताहेत हेही दुसऱ्याला कळू नये. भांडणसुद्धा आम्ही त्याच आवाजात करतो. देशातल्या हजारो घरांत हेच चालले असेल. ज्या लोकांना स्वतःच्या बायकोशी बोलायची चोरी, ते सरकारापुढे काय बोलणार?

गाडीत आत्याने रेल्वेच्या पाण्याला तोंड लावले नाही. घरून आणलेला तांब्या मांडीत धरून ती खंडाळ्याच्या घाटात खिडकीतून डोके बाहेर काढून बसली, आणि बोगदा आला की घाबरण्याऐवजी खूष होई. "पुन्हा आहे का रे असा?" म्हणून विचारी. मी विषय काढणार, तोच बोगदा येई. बोगदे संपले तेव्हा तिला झोप लागली.

सोलापूरला दर्शन झाले. देवळातून बाहेर पडताना हिने मला कोपराने ढोसले. मी म्हणालो, "आत्या, तळं किती छान आहे, नाही?"

"आहे," आत्या म्हणाली. विषय संपला.

विजापूरची थंडी कोरडी. कल्याणच्या खाडीची थंडी अंगाला चिकटते. ही नुसती चावते आणि ऊन वर आले की पळून जाते. धर्मशाळेत सामान टाकून आम्ही छकडा केला आणि शहर पाहत सुटलो. चहूकडे पडक्या कमानी, त्यांच्यामध्ये ज्वारीची शेते, कमानीत बांधलेल्या शेळ्या. मी रस्त्याने हिच्या शेजारून चालत होतो, मुद्दाम. समोरून दोन पुणेरी पगड्या आल्या. त्यांनी आधी हिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग आकाशाकडे. मी त्यांना नमस्कार केला, तोही मुद्दाम.

थोरली तोफ बुरुजावर आहे. तिला लोक तेल घालतात, फुले वाहतात. हिने कनवटीची पुडी काढून तोफेला हळदकुंकू लावले.

"अगं, ही देवी नव्हे," मी म्हणालो. "माणसं मारायचं यंत्र आहे."

"दसऱ्याला तुमच्या छापखान्यात यंत्राला झेंडू घालतात तेव्हा?"

"ते मालक घालतात."

"आणि पेढे कोण खातं?"

आत्या तोफेच्या तोंडात डोके घालून पाहत होती. "आत माणूस मावेल की रे!" तिचा आवाज तोफेतून आला. "काय गारवा आहे! तुझ्या बापाला आणून बसवायला हवं. डोकं निवेल."

यापेक्षा चांगली संधी मिळायची नव्हती. बाबांचा विषय तिनेच काढला होता. मी घसा साफ केला. ही दुसरीकडे पाहू लागली, म्हणजे मला संकोच नको. "आत्या," मी म्हणालो, "ऊन फार झालंय, नाही?"

दुसऱ्या दिवशी गोल घुमट. तिथले लोक त्याला बोलघुमट म्हणतात. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो. आत्या सर्वांच्या पुढे, आणि मागे वळून आम्हांला, "दमलात का रे?" वरच्या दारातून आत शिरलो आणि ही जागच्या जागी उभी राहिली. खाली विहिरीसारखे खोल, वर आभाळासारखे घुमटाचे पोट, कडेने रुंद सज्जा, आणि मध्ये खरोखर काही नाही. खांब नाही, तुळई नाही. ती कितीतरी वेळ वर पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "कळलं नाही. पण राहतो खरा."

तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने टाळी वाजवून दाखवली. टाळी फिरत फिरत कितीदा परत आली. कालच्या दोन पगड्याही तिथे होत्या. त्यांनीही गंभीरपणे टाळ्या वाजवल्या. मला वाटले, झाली गंमत, मोठ्या आवाजाचा प्रतिध्वनी उठतो. आत्या माळ ओढत सज्ज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला पाठ टेकून बसली. एवढ्या लांब की लाल ठिपका दिसावा. पगड्या तिच्याच बाजूला घुटमळत होत्या.

इतके दूर वडीलधारे माणूस आमच्यापासून कधीच नव्हते. आम्ही दोघे भिंतीशी उभे राहिलो आणि सवयीप्रमाणे कुजबुजू लागलो.

"आज विचारणार ना?"

"विचारतो. खाली उतरलो की."

"गाडीत म्हणालात, सोलापुरास. सोलापुरास म्हणालात, तोफेजवळ. आता खाली. खाली उतरलो की म्हणाल, कल्याणास."

"अगं, वेळ पाहून बोलावं लागतं. आत्याचा स्वभाव तिखट."

"तुमचे निबंध काय गोड असतात?"

"नाही तर मीच बाबांना ठणकावून सांगतो."

"तुम्ही? बाबा ओटीवर खाकरले की तुम्ही परसात काय काम आहे ते शोधायला लागता." मग ती थांबली, आणि आणखी हळू म्हणाली, "मला शिकवायचंय हो. त्यांनी दुसरी कुणी ठेवली, तर मी जन्मभर भिंतीलाच सांगत बसू का, पाणी तापलंय म्हणून?"

"खरं आहे तिचं," माझ्या कानाशी कुणी तरी म्हणाले.

मी दचकून वळलो. मागे कुणी नाही, शेजारी कुणी नाही. आवाज मात्र आत्याचा, अगदी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावे तसा.

"इकडेतिकडे काय बघतोस? इथंच आहे मी. स्वभाव तिखट, मग पुढे?"

लांबचा तो लाल ठिपका हात हलवत होता. टाळीचे मला ठाऊक होते. कुजबूजसुद्धा भिंतीवरून सबंध फिरून पलीकडच्या माणसाच्या कानात जाऊन पडते, हे ठाऊक नव्हते. कल्याणच्या फळ्यांतून जे कधी गेले नाही, ते आदिलशहाच्या घुमटाने आत्याला अक्षर न् अक्षर पोचवले होते. हिने पदर इतका खाली ओढला की तोंड दिसेना. मग, आता झाकून उपयोग काय असा विचार केला असावा. पदर मागे सारला, आणि भिंतीजवळ तोंड नेऊन स्वतःच बोलली.

"आत्याबाई, ठाण्याला मुलींच्या शाळेत मला बोलावलंय. मला जायचंय. मामंजींना तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. एवढं कराल का?"

तेवढ्यात कानाशी तिसराच आवाज आला, नाकातला, पुणेरी: "हो म्हणा हो बाई. आमचे पाय दुखायला लागले, पण निकाल ऐकल्यावाचून उतरवत नाही."

माझे डोके फिरले. "हे आमचे खासगी बोलणे आहे!" मी ओरडलो. सगळा घुमट गरजला: "आहे, आहे, आहे, आहे," आणि त्या गोंगाटात माझा राग कुठल्या कुठे वाहून गेला.

राखणदार धावत आला. "हल्लू बोलो साब, हल्लू! चिल्लाए तो कुछ समझताच नहीं."

आवाज विरले. मग भिंतीतून आत्या सावकाश बोलू लागली. "दोन चुली तो होऊ द्यायचा नाही. तुझ्या नवऱ्याने शंभर कागद छापले तरी. पण थोरली बहीण ठाण्याला बिऱ्हाड करून राहते म्हणाली, तर तिला कोण अडवतो? घरात वडील माणूस असलं की लोकही गप्प. मी येते तुमच्याबरोबर."

"आत्या," मी कुजबुजलो, "वेगळं बिऱ्हाड म्हणजे दोघांचं असतं."

"चालेल, आत्याबाई!" ही माझे बोलणे तोडून म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?" हे आत्याने मला सुनावले. "त्या स्वयंपाकघरात परकरात असताना शिरले, अजून बाहेर यायची आहे मी. तळ्याकाठी सकाळची बसेन. तुम्ही दिवसा बोला, भांडा, मी नाही ऐकायची. सोवळं माझं मी पाहीन. आणि मुली, तिकडे शिकवशील ते घरी येऊन मलाही शिकव. याचं छापलेलं मला स्वतः वाचायचंय. तू वाचून दाखवतेस तेव्हा वाईट वाईट भाग गाळतेस असा मला संशय आहे."

"गाळते," ही म्हणाली. मला हे नवीन होते.

पलीकडून पगड्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या फार वेळ वाजत राहिल्या.

मी रागावलो होतो, हे कबूल करायला मला कुणाची भीती नाही. विधवा बाईला घर सोडायला भाच्याच्या बिऱ्हाडाची सबब शोधावी लागते, आणि शिकवू पाहणाऱ्या बाईला घुमटाच्या तोंडून बोलावे लागते, यावर मी लिहिणार आहे, आणि ते गोड नसेल. पण त्या दिवशी दुपारी शेतात एका शेतकऱ्याने आम्हांला हुरडा भाजून दिला, आणि त्या दोघी माझ्यासमोर भर उन्हात हिरवे दाणे तळहातावर चोळत ठाण्याच्या घरात उखळ कुठे ठेवायचे यावर भांडू लागल्या. मला कुणी विचारले नाही. दाणे गोड होते. रागावून बसायला वेळच मिळाला नाही.

कल्याणला पोचलो तेव्हा बाबा ओटीवरच होते. आत्याने पाय धुवायच्या आधीच सांगून टाकले.

"मी ठाण्याला राहायला जाते. हात दुखतात, तेव्हा सोबतीला ही दोघं नेते."

बाबांनी माझ्याकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले. आत्याकडे पाहायचे त्यांनी टाळले. मी परसाकडे जायला निघालो होतो, पण हिने माझ्या उपरण्याचे टोक पायाखाली दाबून धरले होते.

"तिथल्या विहिरींचं पाणी जड," बाबा शेवटी म्हणाले. "तूरडाळ शिजत नाही. रात्री भिजत घालत जा."

"मला डाळ शिकवू नकोस," आत्या म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.