चौघींनी पाहिलेलं कार्टून

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. त्या वर्षी त्यांच्याकडं पाथरीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी परभणीहून गाडी न्यायची, तिथंच झोपायचं आणि पहाटे निघून परत यायचं. एरवी सकाळी आठच्या आत ते घरी असत. त्या रविवारी आले नाहीत.

संक्रांत नुकतीच झाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जाहीर झाला होता आणि वातावरण तंग होतं. कुठं काचा फुटल्या, कुठं रस्त्यात टायर जाळले, असं कुणीतरी येऊन सांगायचं. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नव्हता. आई सारखी दारात येऊन गल्लीच्या टोकाकडं बघायची. स्टोव्हवरचं दूध उतू गेलं तरी तिला समजलं नाही.

समोरच्या घरात माझी मैत्रीण राहायची. तिचे वडील पोस्टात होते. ते बौद्ध, आम्ही लिंगायत. टीव्ही त्यांच्याकडं होता, म्हणून दर रविवारी मी तिथं कार्टून बघायला जायची. ते हिंदीत बोलायचं, पण मुळात जपानचं, हे कितीतरी वर्षांनी कळलं. डोंगराखालच्या गावातल्या दोन मैत्रिणी, त्यांची शाळा, त्यांचा ओढा. त्यात फारसं काही घडायचंच नाही. एक अख्खा भाग वाऱ्यानं उडालेली टोपी शोधण्यात गेला होता. दिवेलागणीला सगळी माणसं आपापल्या घरी पोचायची, तेच मला फार आवडायचं.

निर्णय झाल्यापासून माझी आई आणि मैत्रिणीची आई एकमेकींशी कमीच बोलत होत्या. भांडण नव्हतं. काय बोलावं, तेच दोघींना सुचत नसावं.

वेळ झाली तशी मैत्रीण बोलवायला आली. आई म्हणाली, आज कुठं जायचं न्हाई. मैत्रीण खाली मान घालून गेली आणि थोड्या वेळानं तिचे वडील आले. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "वहिनी, गाडी आली न्हाई का अजून?"

आईनं नुसती मान हलवली.

"पोरीला घेऊन आमच्याकडं बसा. मी स्टँडवर जाऊन बघून येतो."

"नका भाऊ," आई म्हणाली. "आज तुमी बाहेर पडू नका."

तरी ते सायकल काढून गेले. आता काळजी दोन्ही घरांत झाली. आई मला घेऊन गल्ली ओलांडून गेली. मैत्रिणीची आई दारातच उभी होती. तिनं आईला आत घेतलं, सतरंजी टाकली आणि आम्ही चौघी टीव्हीसमोर बसलो.

त्या दिवशीच्या भागात एका मैत्रिणीला ताप आला होता आणि दुसरी तिच्या खिडकीखाली उभी राहून शाळेत काय काय झालं ते सांगत होती. चित्रात मुंग्या यायच्या, तरी कुणी अँटेना फिरवायला उठलं नाही. बाहेर सायकलची घंटी वाजली की दोघी आया एकदमच दाराकडं बघायच्या. पुन्हा टीव्हीकडं. मध्येच माझ्या आईनं विचारलं, "त्या आजारी पोरीची आई कुटं हाय?"

"शेतात गेली असंल," मैत्रिणीची आई म्हणाली. "येईल की."

मग दोघी त्या पोरीच्या तापाबद्दल बोलायला लागल्या. तिला काढा द्यायला पाहिजे होता, खिडकी बंद करायला पाहिजे होती. मी आईच्या गुडघ्याला टेकून बसले होते. त्यांचं बोलणं ऐकताना मला जरा बरं वाटलं.

कार्टून संपलं, पुढचे कार्यक्रमही झाले, तरी टीव्ही कुणी बंद केला नाही. बऱ्याच वेळानं मैत्रिणीचे वडील घामाघूम होऊन परतले. रस्ता बंद असल्यामुळं गाड्या मानवतला थांबवून ठेवल्या होत्या. माझ्या वडिलांच्या गाडीची समोरची काच फुटली होती, पण माणसं सुखरूप होती, असं स्टँडवरच्या कंट्रोलरनं त्यांना सांगितलं होतं. हे ऐकून माझी आई रडली नाही. मैत्रिणीच्या आईनं पुढं केलेला चहा तिनं घेतला. त्या घरातला तिचा तो पहिलाच चहा.

माझे वडील ऊन उतरताना आले. तळहाताला रुमाल बांधलेला होता. जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाथरीच्याच गाडीवर गेले. आईची काळजी पुढंही तशीच राहिली, पण रविवारी वडिलांना यायला उशीर झाला तरी ती आता दारात उभी राहत नसे. माझ्यासोबत समोरच्या घरी येऊन बसायची आणि कार्टूनमध्ये मागच्या वेळी काय झालं होतं ते आम्हालाच विचारायची.