पंखाच्या पलीकडून

रशीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात रिक्षाच्या सीटचं रेक्झिन कापत होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला. "हां... हां... कधी?" एवढंच बोलले आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत उभे राहिले. कात्री अर्ध्यात होती. रेक्झिन मधेच सोडलं की रेघ वाकडी जाते, म्हणून ती मी शेवटापर्यंत नेली. मग कात्री खाली ठेवली आणि मी म्हणाले, "चाचा का?" ते म्हणाले, "व्हय."

दुपारच्या नमाजानंतर त्यांना खुलताबादला नेलं. ते मूळचे तिथलेच. हे मातीला सोबत गेले. मी चाचींजवळ जाऊन बसले. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि चाचींना माझा स्वभाव माहीत होता, म्हणून त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला. आता पाच आठवडे झाले. बोलायचं राहिलं ते लिहून ठेवावं असं वाटतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिताना कुणी समोर नसतं, त्यामुळं मला लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं.

चाचा विमानाचे इंजिनिअर होते. मोठ्या विमानांचे नाही. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कडेला एक शेड आहे, तिला हँगर म्हणतात. तिथं एका कारखानदार शेठचं दोन माणसांचं जुनं विमान असतं. शेठच्या वडलांनी हौसेनं घेतलेलं. लहानपणी एकदा वडलांच्या मांडीवर बसून त्यातून आकाशात गेले होते, म्हणून शेठ ते विकत नाहीत. त्या विमानाचं अंग पत्र्याचं नाही, कापडाचं आहे. आत लाकडाच्या आणि धातूच्या फासळ्या, वरून कापड ताणून शिवलेलं, आणि त्यावर कापड ताठ करणाऱ्या औषधाचे हात दिलेले. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, "सुमन विमानाला झबलं शिवायला जाते."

चाचा पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते विमानाच्या सीटची मापं घेऊन. त्यांनी एका तयार सीटची शिवण बोटानं चाचपली, उलटी करून पाहिली आणि ह्यांना विचारलं, "टाके कुणाचे?" ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी तोंड फिरवून दोऱ्याचं रीळ शोधायला लागले. चाचा म्हणाले, "पंख शिवायचेत. मशीन चालत नाही, हातानंच शिवावं लागतं. माझी नजर कमी झाली आता. येईल का ही?" ह्यांना वाटलं चाचा चेष्टा करताहेत. पण आठ दिवसांनी माझा फोटो काढून विमानतळाचा पास आला, तेव्हा मला हो म्हणायला लावलं कुणी आणि म्हटलं कुणी, ते आता आठवत नाही.

पहिले चार दिवस चाचांना वाटत होतं मी मुकी आहे. कात्री पाहिजे तर दोन बोटं उघडून-मिटून दाखवायचे, पाणी पाहिजे का विचारायचं तर अंगठा तोंडाकडं न्यायचे. मीही मान हलवायची. चौथ्या दिवशी हे मला न्यायला आले, तेव्हा चाचांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "जन्मापासून का?" हे हसून हसून खाली बसले.

बोलायला मला पंखानं शिकवलं. पंखाची शिवण दोघांनी करायची असते. पंख लाकडी घोड्यांवर, धारेवर उभा करून ठेवतात, म्हणजे कापडाची भिंतच होते. एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला मी. मी लांब दाभण फासळीला लागून आरपार घालायची, तो तिकडून चाचा ओढायचे आणि फासळीच्या दुसऱ्या अंगानं परत माझ्याकडं पाठवायचे. मग मी गाठ मारायची. ती गाठ त्यांनीच शिकवली होती. एक टाका तुटला तरी पुढचा सुटत नाही अशी. असे शेकडो टाके. माणूस दिसत नाही, फक्त दाभणाचं टोक दिसतं. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, तुमचा दाभण बोथट आहे."

पलीकडं दाभण थांबला. मग आवाज आला, "हौ? मग चार दिवस काय करत होतीस, बेटा?"

तेव्हापासून आम्ही पंखाच्या दोन बाजूंना उभं राहून बोलायचो. माझ्या सासूचं दुखणं, त्यांच्या मुलीचं शिक्षण, बाजरीच्या भाकरीला पाणी किती गरम लागतं... सगळं त्या कापडातून. पंख खाली घेतला की मी परत गप्प. चाचांनी ते ओळखलं होतं. काही विचारायचं असलं तर ते मुद्दाम पलीकडं जाऊन उभे राहायचे.

कामात मात्र ते फार कडक. मी घरी इस्त्री तापली का ते ओलं बोट लावून बघते. तिथं इस्त्रीनं कापड आकसून ताणायचं असतं. मी बोट ओलं केलं तर त्यांनी माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि थर्मामीटर आणून दिला. म्हणाले, "बोटाला सही करता येत नाही." विमानाच्या प्रत्येक कामाची एका वहीत नोंद असते, आणि त्याखाली चाचांची सही. सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्यांची हत्यारं भिंतीवरच्या फळीवर टांगलेली. प्रत्येक पान्याच्या मागं त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. संध्याकाळी एखादी सावली उघडी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत ते घरी जायचे नाहीत. सुया मात्र त्या फळीवर नव्हत्या. त्या मी दुकानातून आणलेल्या, माझ्या पिशवीत. दोन दाभण, तीन वाकड्या सुया, दोन सरळ.

आमच्याकडं शिवणाऱ्या बाईची एक सवय असते. हात मोकळा करायचा असला की सुई पदराला, डाव्या खांद्यावर टोचायची. मीही तेच करायची.

पहिला पंख तीन आठवड्यांत झाला. कडा शिवल्या, फासळ्या शिवल्या, टाक्यांवर पट्ट्या लावल्या आणि औषधाचा पहिला हात दिला. वार्निशसारख्या त्या औषधाचा वास डोक्यात जातो, पण वाळल्यावर कापड ढोलासारखं वाजतं. चाचांनी टिचकी मारून मला ऐकवलं. संध्याकाळी पिशवी आवरताना मी सुया पाहिल्या. वाकड्या दोनच होत्या. खाली पाहिलं, कापडाच्या तुकड्यांत पाहिलं. तिसरी नाही.

पंखाच्या आतून तारा जातात. छोट्या कप्प्यांवरून फिरतात आणि पंखाच्या मागची झडप वर-खाली करतात. त्या झडपेवर विमान वळतं. हे मला चाचांनीच दाखवलं होतं. एखाद्या कप्पीत सुई अडकली तर वर काय होईल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तीन आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर होतं, आणि शेठ चार दिवसांनी येणार होते. चाचा हात धूत होते. मी पिशवी उचलली आणि घरी गेले.

त्या रात्री मी दोनदा उठून पिशवी उलटी करून पाहिली. सकाळी गेले तेव्हा चाचा औषधाचा दुसरा हात द्यायला डबा ढवळत होते. मी पंखाच्या पलीकडं जाऊन उभी राहिले, आणि तिथून म्हणाले, "चाचा, एक सुई नाही."

ढवळायचा आवाज थांबला.

"आत?"

"माहीत नाही."

ब्रश खाली ठेवल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग कापड फाटल्याचा आवाज. इतकं ताणलेलं कापड कापताना ओरडतंच. पाच ठिकाणी त्यांनी पंख उघडला. आरसा, बॅटरी, काठीला लावलेलं लोहचुंबक... दिवसभर शोधलं, सुई मिळाली नाही. शेठ अचानक त्याच दिवशी आले. पंखाची ती दशा बघून म्हणाले, "मिस्त्री, एका सुईपायी?" एरवी ते चाचांना इंजिनिअरसाहेब म्हणायचे. चाचा म्हणाले, "शेठ, तुम्ही मालक. दुसऱ्याची सही घ्या. माझी मिळणार नाही." शेठ निघून गेले. जाताना माझ्याकडं पाहिलं नाही, ते बरंच झालं. चाचा म्हणाले, "उद्या राहिलेलं कापड काढू."

घरी येऊन मी आदल्या दिवशीचं लुगडं भिजवायला घेतलं आणि तळहातात टोचलं. पदराच्या दुमडीत, खांद्यावर येतो तिथंच, सुई होती.

आधीच्या रात्रीपेक्षा ही रात्र वाईट गेली. हरवली हे सांगणं अवघड होतं, आणि आता तर सांगायचं होतं की पंख उगाच फाडला. पण सांगितलं तर राहिलेलं कापड तरी वाचलं असतं. सकाळी गेले. पलीकडं जाऊन उभं राहावं म्हटलं, पण मधलं कापड त्यांनी कापलेलं. तोंड लपवायला जागाच नव्हती. फासळ्यांमधून चाचा सरळ माझ्याकडं बघत होते. मी सुई तळहातावर ठेवून हात पुढं केला.

"कुठं होती?"

"पदराला."

त्यांनी सुई घेतली, उजेडात धरून टोक मोडलेलं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "चला, आज मला झोप येईल." मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. नंतर म्हणाले, "ऐक बेटा. सुई हरवली, ती चूक नाही. माझ्या हातून पाना हरवलाय, डोळ्यांवरचा चष्मा मी तासभर शोधलाय. परवा संध्याकाळी तुला माहीत होतं आणि तू गप्प घरी गेलीस, ती चूक. मी सकाळी लवकर येऊन दुसरा हात मारला असता तर?"

एवढंच. परत त्यांनी तो विषय काढला नाही. फाडलेल्या पाच ठिकाणांपैकी दोन ठिकाणी त्यांनी झाकणं बसवली आणि शेठना सांगितलं की आता आतल्या तारा बघायला कायमची सोय झाली. शेठ खूश. बाकीचं आम्ही परत शिवलं. चाचांनी मला बिनखिशाचा जाड एप्रन आणून दिला, पदर त्याच्या आत गेला. आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बूच कापून बसवलं, त्याला सात खाचा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हात पुसत ते विचारायचे, "सुया?" मी म्हणायची, "सात." मग दार ओढायचे.

पुढं आठ वर्षं मी जात राहिले. वर्षातून काही आठवडेच काम असायचं. इंजिन पूर्ण उतरवलं तेव्हा त्यांनी चाचींच्या जुन्या चादरी हँगरभर अंथरल्या आणि एकेक भाग पुसून, चिठ्ठी बांधून ओळीनं मांडला. मला इंग्रजी येत नाही म्हणून चिठ्ठीवर त्या भागाचं चित्र काढायचे. इंजिनातला मोठा दांडा तडे तपासायला बाहेरगावी पाठवला, तो तीन महिन्यांनी आला. तोवर चाचा त्याच्या रिकाम्या जागेला रोज तेल-कापड फिरवायचे. नंतर शेठनी नवा रेडिओ आणि आकडे दाखवणारा काचेचा एक पडदा बसवायला आणला. चाचा कुरकुरले. म्हणाले, "नवं बसवू, पण जुनं काय काम करत होतं ते आधी नीट विचारू दे." आठ दिवस जुन्या तारा शोधत बसले, आणि पडदा बसवला तेव्हा जुनं होकायंत्र मात्र जागचं हलू दिलं नाही. वीज गेली तरी ते उत्तर दाखवतं म्हणाले.

शेवटचे भेटले तेव्हा चाचा अंथरुणावर होते. दम लागत होता. मला म्हणाले, "या वर्षी शेपटीचं कापड बदलायचं. कडेनं पट्टी उठली आहे, बघितलीस?" मी मान हलवली. मी आणि हे निघालो. मी दारात चप्पल घालत होते, तेव्हा आतून आवाज आला, "सुया?"

मी तिथूनच म्हणाले, "सात."

चाची हसल्या. म्हणाल्या, "तापात पण हेच चालू असतं बघ."

गेल्या आठवड्यात शेपटीचं काम सुरू झालं. आता पुण्याहून नवे साहेब येतात. तरुण आहेत, सभ्य आहेत, मला ताई म्हणतात. त्यांचा हात चांगला आहे. फळीवरच्या सावल्या त्यांनी तशाच ठेवल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाने टांगले, एकदा फळीकडं पाहिलं, दिवे बंद केले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी एप्रन काढला, घडी घातली. डबा हातात होता. ते काही विचारतील म्हणून मी थोडी थांबले... त्यांनी विचारलं नाही. त्यांना कसं माहीत असणार. मी दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी आले, आणि मला ती पिशवी उचलून घरी गेलेली संध्याकाळ आठवली.

"साहेब," मी म्हणाले, "सात."

"काय सात, ताई?"

मी डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. "सुया. सात होत्या, सात आहेत. शेपटीत काही राहिलं नाही."

त्यांनी वाकून बोटानं मोजल्या. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि दार ओढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते फोनवर होते. विचारलं नाही. मी सांगितलं.