दातवालीचं स्टेशन

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. दात काढणारी नव्हे, दात बनवणारी. आसपासचे डॉक्टर म्हाताऱ्या तोंडांचे ठसे तिच्याकडे पाठवत आणि ती त्यांच्या कवळ्या करून परत देई. घराच्या मागच्या खोलीत हे काम चाले. खोलीभर प्लास्टरच्या हिरड्या मांडलेल्या. नवखा माणूस आत आला की त्याला वाटे, गावातले सगळे म्हातारे एकदम आपल्याला हसताहेत. दातवालीला स्वतःला फारसं हसू येत नसे. जीभ तिखट होती, पण हात असा की केसाएवढी उंची चुकली तरी बोटाला कळावी.

पुढच्या खोलीत तिचे वडील असत. त्यांचा उभा जन्म एका लहानशा स्टेशनावर सांधेवाल्याच्या नोकरीत गेला. गाडी येताना दिसली की केबिनमधला दांडा ओढायचा आणि तिला योग्य त्या रुळावर घ्यायचं, हे काम. पुढे गाड्यांचा मार्गच दुसरीकडून नेला, स्टेशन बंद झालं, मग पाडलंही. ते त्यांनी कसंबसं पचवलं. पण डोळे जायला लागले तेव्हा म्हातारा खचला. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, वर्ष सरेपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल. तेव्हापासून बाबा दुपार कलल्याशिवाय अंथरूण सोडत नसत. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. "उठून तरी काय बघायचंय?" म्हणत.

नजर पुरती जायच्या आत बाबांना त्यांचं स्टेशन पुन्हा दाखवायचं, असं लेकीनं ठरवलं. खरं स्टेशन तर उरलं नव्हतं, म्हणून छोटं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं, कारण त्या मापाच्या गाड्या, रूळ, अगदी माणसंसुद्धा बाजारात तयार मिळतात. फक्त बाबांचं स्टेशन तयार मिळत नव्हतं. ते तिलाच करायचं होतं.

सुरुवात तिनं सरळ घरातूनच केली.

"बाबा, तुमच्या स्टेशनाला खिडक्या किती होत्या हो?"

"पाडलं ना ते? मग मेलेल्या गाईचे दात मोजून काय करणार आहेस?" असं म्हणून बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

झालं. म्हणजे घरातला दरवाजा बंद. ती बाहेर पडली.

पहिल्यांदा गाठला त्या स्टेशनावरचा जुना तिकीटबाबू. त्याची वरची कवळी तिच्याच हातची, त्यामुळे त्यानं आढेवेढे न घेता फोटोंचा डबा पुढे केला. मग त्याच्या ओळखीनं आणखी चार घरं झाली. आणि तेव्हा तिला एक गोष्ट कळली. स्टेशनाचा म्हणून फोटो कोणीच काढलेला नव्हता. लोकांनी आपापल्या माणसांचे फोटो काढले होते. कोणी नोकरीवर निघालेला, कोणी सासरी निघालेली, कोणाचं बाळ पहिल्यांदा गाडीत बसणारं. स्टेशन आपलं बिचारं मागे उभं. सगळ्यात चांगल्या फोटोत कोणाचा तरी एक लठ्ठ मामा अख्खी तिकीटखिडकी अडवून उभा होता. त्या मामाला तिनं मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की हयात असेल तर त्याला उचक्यांनी जेवण गेलं नसेल.

मग ती स्टेशनाच्या जागेवर गेली. झुडपांतून प्लॅटफॉर्मची कड तेवढी दिसत होती. तिच्यावर एक बाई गोधड्या वाळत घालत होती. टेप घेऊन वाकत वाकत चाललेली दातवाली बघून तिनं विचारलं, "काय हरवलं काय, ताई?"

"स्टेशन."

"ते होय? ते मागेच नेलं उचलून," बाई म्हणाली आणि टेपचं दुसरं टोक धरायला आली. दोघींनी मिळून प्लॅटफॉर्म मोजला. इमारतीचा पायासुद्धा सापडला असता, पण त्यावर कोणीतरी गोठा बांधला होता. निघताना दातवालीनं राडारोड्यातून एक साबूत वीट आठवण म्हणून पिशवीत टाकली.

आता उंची कशी काढायची? त्याची एक रीत आहे आणि असली छोटी स्टेशनं करणारे सगळे तीच वापरतात. फोटोत विटांचे थर मोजायचे. एका थराची उंची ठाऊक असली की भिंतीची उंची आली, दाराची आली, सगळंच आलं. तिनं भिंग घेऊन जमिनीपासून छपरापर्यंतचे थर मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले. मग कोपऱ्यावर घर बांधणाऱ्या गवंड्याकडे जाऊन विटेचं माप घेतलं. गवंडी म्हणाला, "बाई, विटेची कवळी करणार का आता?" ती म्हणाली, "तुझी करते, थांब थोडा."

कवळ्यांच्या कामातून वेळ चोरून ती महिनोन् महिने राबली. भिंती झाल्या, कौलं झाली, पायऱ्यांची केबिन झाली. सगळं ज्या फळीवर मांडलं होतं तिच्या कडेला तिनं बोटभर दांडे बसवले. दांडा ओढला की रूळ खरोखर बदलायचे. डिंक लावला की वरून दाब म्हणून ती आणलेली जुनी वीट ठेवायची.

एक गोष्ट मात्र तिला खटके. गाडी प्लॅटफॉर्मला लागली की शेजारचं स्टेशन अंग चोरून बसल्यासारखं दिसे. इंजिनच बोजड बनवलंय मेल्यांनी, असं तिनं ठरवून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

शेवटचं छप्पर चिकटवायला एक वीट पुरेना, म्हणून तिनं गवंड्याकडून दुसरी मागून आणली. दोन्ही विटा दोन टोकांना ठेवल्या, वरून एक सुटी फळी टाकली. फळी तिरकी बसली. तिनं डिंक बघितला, टेबल बघितलं, टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. फळी तिरकीच. मग तिची नजर विटांवर गेली.

जुनी वीट नव्या विटेहून उंच होती. चांगली अर्ध्या बोटानं.

दातवाली स्टुलावर बसली. थर बरोबर मोजले होते, वीट चुकीची मोजली होती. जुन्या काळी वीट मोठी पाडत असतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे भिंत ठेंगणी, दार ठेंगणं, केबिन ठेंगणी. आणि खरं माप इतके महिने तिच्याच टेबलावर, तिच्याच हाताखाली पडून होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही.

तिनं धाकट्या भावाला फोन केला. तो परगावी असे आणि घरच्या प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे सोपा तोडगा असे.

"ताई, बाबांना आता दिसतंय तरी कितीसं? त्यांना काय कळणार आहे? दाखवून मोकळी हो."

त्याचं चुकत नव्हतं. बाबांना अजून मोठ्या वस्तूंचे आकार दिसत होते, आणि तेही रोज थोडे थोडे पुसले जात होते. आता मोडून पुन्हा करायला बसलं तर ही शर्यत हातची जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती उठली, पुढच्या खोलीत गेली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, जरा मागे येता?" एवढंच म्हणायचं होतं.

"काय गं?"

तिच्या तोंडून निघालं, "काही नाही. चहा टाकू का?"

तिला ते जमेना. जेमतेम बसणारी कवळी तिनं आयुष्यात कोणाच्या तोंडात घातली नव्हती. जेमतेम बसणारी कवळी म्हणजे घशाखाली न उतरणारा घास. मग बापालाच कशी द्यायची? चहा देऊन ती मागे आली आणि स्टेशनाची भिंत तिनं स्वतःच्या हातानं मोडली. मोडताना रडली. आवाज जाऊ नये म्हणून पॉलिशचं मशीन चालू ठेवलं.

दुसऱ्या वेळी काम लवकर झालं, पण डोळ्यांना तेवढाही धीर नव्हता. नवीन स्टेशनावर शेवटची कौलं बसली त्याच आठवड्यात बाबांनी दारात उभ्या असलेल्या तिला विचारलं, "कोण आहे?" ऐन दुपारी. हरलो आपण. खरेपणाच्या नादात बापाची नजर वाया घालवली. भावाचं ऐकलं असतं तर निदान एकदा तरी त्यांना दिसलं असतं. असं स्वतःला खात ती उभी राहिली, आणि मग त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात उचलून फळीवर ठेवले.

"हे काय?"

"बघा तुम्हीच."

बोटं आधी बिचकली. मग प्लॅटफॉर्मच्या कडेनं निघाली, उतारावर थांबली, मागे आली. केबिनच्या पायऱ्या एकेक करून चढली. बोटं इमारतीच्या दारापाशी आली आणि तिथंच घुटमळली.

"माणूस आहे का एखादा? या मापाचा?"

छोटी माणसं अजून खोक्यातच होती. तिनं एक त्यांच्या चिमटीत दिला. त्यांनी तो दारात उभा केला आणि त्याचं डोकं नि चौकट यांच्यामधल्या फटीतून नख फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मोडलेल्या स्टेशनात हे नख शिरलं नसतं.

"हं," बाबा म्हणाले. "बरोबर. मास्तर इथून टोपीसकट जायचे. मी आपली काढून जायचो. एकदा विसरलो तर टेंगूळ आलं होतं, तुझी आई आठवडाभर हसत होती."

तिनं गाडी सोडली. खडखड ऐकून बाबांनी मान वळवली, चाचपडत कडेचा दांडा शोधला आणि कोणी न सांगता योग्य वेळी ओढला. गाडी आतल्या रुळावर आली आणि थांबली. आंधळ्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही. लेकीनंही पुसलं नाही, तिचंच तिला आवरत नव्हतं.

थोड्या वेळानं बाबांची बोटं पुन्हा हलली आणि एका खांबाशी अडली. कपाळाला आठी पडली.

"सिग्नल केबिनच्या इतका जवळ कोणी रोवला?"

"फोटोत तसाच वाटला, बाबा."

"फोटोत! मला विचारायचंस की."

"विचारलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी स्वतःच्या सदऱ्यावरून हात फिरवला, चुकलेली बटणं चाचपली, वाढलेली दाढी चाचपली, आणि ओशाळल्यासारखे उठून उभे राहिले.

"उद्या खांब हलवू. मला पहाटेच उठव," ते म्हणाले. "असं पारोशा अंगानं ड्यूटीवर यायचं नसतं."