रंगनाथमामांचा पाट

माझे सासरे रंगनाथमामा ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून मखमलाबादच्या त्यांच्या घरातली एकही वस्तू सुखाने नांदलेली नाही. पार्किंगच्या जागेत त्यांनी वर्कशॉप थाटलं. स्कूटर उन्हात गेली. जे नळ गळत नव्हते तेही त्यांनी उघडून पाहिले, आणि मग ते गळायला लागले.

यात दोष हत्यारांचा होता, असं मामांचं म्हणणं. कारखान्यात स्टोअरच्या खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला ठेवला की पारखलेलं हत्यार हातात यायचं. बोथट झालं की परत द्यायचं, दुसरं घ्यायचं. उभी हयात अशी काढलेल्या माणसाने मोबाइलवर ‘घरगुती हत्यारांचा संपूर्ण संच’ मागवला. प्लास्टिकच्या पेटीत सगळं रुखवतासारखं मांडलेलं आणि रुखवताइतकंच कामाचं. पहिल्याच स्क्रूला स्क्रूड्रायव्हरचं टोक पिळवटलं, स्क्रू जागचा हलला नाही. करवतीचे दात सागाला टेकताच आडवे झाले. हातोड्याचा दांडा मामांच्या मुठीत राहिला आणि डोकं शेजारच्या भागीबाईंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडलं. भागीबाईंनी ते परत आणून दिलं, सोबत कुरडयांचा चुराही दिला.

या प्रत्येक प्रसंगाचा सविस्तर वृत्तान्त मला फोनवर ऐकावा लागे. जावयाला सासऱ्यांचा फोन कापता येत नाही.

त्यातच यंदा उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचं जेवण, जावयाचा मान, सगळं ओघाने आलंच. मला खरं तर या कौतुकाचा भयंकर कंटाळा आहे. पण मामांनी जाहीर केलं, “जावईबापूंना बसायला पाट मी सोता करनार. बाजारचा पाट नाय चालायचा.” जुन्या दाराचं सागवान त्यांनी त्यासाठी जपून ठेवलं होतं.

पाट म्हणजे काय, एक फळी आणि तिच्या खाली दोन पट्ट्या. पण दर रविवारी नवी पट्टी तयार होई आणि सोमवारी ती बंबात जाई. एकदा जेवताना मामा करवतीला नेहमीच्या शिव्या घालत होते, तेव्हा माझ्या सासूबाई लंकामामी भाकरी थापता थापता सहज बोलून गेल्या, “हत्यारांना किती नावं ठेवाल? जरा हाताकडं बी बघा की.”

मामा ताटावरून उठले. त्यानंतर मला फोन येणं बंद झालं आणि मी घाबरलो. बायकोला, उज्वलाला, घेऊन मखमलाबादला गेलो, तर मामा वर्कशॉपात नुसते बसलेले.

“जावईबापू, खरं सांगा,” ते म्हणाले, “हत्यार खोटं हाय, का माझा हात गेला?”

“हत्यार,” मी ताबडतोब म्हणालो. मी विमा विकतो. मला हत्यारांतलं काडीचं कळत नाही. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून दुसरं काही बोलवेना.

दुसऱ्याच दिवशी शहरात जाऊन रविवार कारंजा चौकाजवळच्या एका जुन्या दुकानातून मी अस्सल रंधा, करवत आणि पटाशी घेतली. मामा हरखले, पण मामी दारातच आडव्या आल्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं. पाप लागतं. बराच खल झाल्यावर हत्यारं माझीच, मी फक्त ती मामांकडे ठेवायला दिली आहेत, असा तोडगा निघाला. देवाला तो पटला असावा.

करवत लोण्यातून जावी तशी सागातून गेली. मामा पुन्हा फोन करायला लागले. “हत्यार म्हंजे हत्यार, बापू.” मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

धोंड्याच्या दिवशी दारापुढच्या ओट्यावर रांगोळी काढून पाट मांडला. पॉलिश असं, की त्यात माझा चेहरा दिसला. मी टेकलो, आणि पाट डाव्या कोपऱ्यावर खट्‌ वाजला. सरळ झालो, तर उजव्या कोपऱ्यावर खट्‌. पोटऱ्या आवळून मी स्थिर बसायचा आटोकाट प्रयत्न केला, पण मामींनी पुरणाचे धोंडे वाढले आणि ताटाकडे हात नेला की खट्‌.

मामा समोर उभे होते. अस्सल करवत, अस्सल रंधा, जुनं सागवान. नाव ठेवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. मला फार वाईट वाटलं.

मामींनी तुपाची वाटी खाली ठेवली.

“त्या गवंड्यानं ओट्याची फरशी धड बसवलीच नाय,” त्या म्हणाल्या. “मी तवाच म्हनले होते.”

त्या तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या. तो ओटा इतका सपाट आहे, की धुतला तर पाणी कुठे जावं हेच त्याला कळत नाही.

“पाट जरा तिकडं सरकवून बघू का?” मामांनी विचारलं.

“जेवत्या जावयाला उठवत्यात का कुठं?” मामी म्हणाल्या.

मामांची सपाटी मोजायची पाणसळ खिडकीतच होती, हात लांबवला की मिळाली असती. फरशी खरी की खोटी, क्षणात कळलं असतं. आयुष्यभर एकही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य न केलेल्या त्या माणसाने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मामींकडे पाहिलं.

“गवंडी लय भिकार होता,” ते म्हणाले. “तूप वाढ त्यांना.”