कुत्र्याच्या धैर्याची परीक्षा

लढाई चालू असलेल्या एका परदेशी बंदरावर कंपनीने माझी सहा महिन्यांसाठी बदली केली, आणि मी कुत्रा बरोबर नेण्यासाठी लेखी अर्ज केला. तोंडी विचारलं असतं तर साहेबांनी तोंडीच हाकललं असतं. पण आमच्या घाटकोपरच्या ऑफिसात कागदाला कागदानेच उत्तर द्यावं लागतं, आणि कागदावर ‘नाही’ लिहून खाली सही करायची छाती तिथे एकाचीही नाही.

कुत्रा गावठी, नाहूरला आमच्या इमारतीच्या गेटवर सापडलेला. घरात तो आणि मी, दोघंच. नेला नाही तर चेंबूरला बहिणीकडे ठेवावा लागणार. मेहुणा त्याला ‘ते’ म्हणतो. माझ्यामागे मलाही तेच म्हणत असावा. त्या माणसाच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे सहा महिने बांधलेला माझा कुत्रा मला डोळ्यांसमोर आणवेना.

कुत्र्यासाठी वेगळा फॉर्म नव्हता, म्हणून मी कुटुंबीयांचा भरला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांच्या जागी स्वतःला घालताना माझा ऊर भरून आला, यावरून काय ते समजा. वय साडेतीन. फोटोही चिकटवला.

तो फोटो समोर ठेवून एचआरच्या बाई म्हणाल्या, “अहो, एवढ्या लहान मुलाला लढाईत नेणार?”

“मॅडम, कुत्रा आहे तो.”

“मग आधी सांगायचं ना!”

अशी डोकी तिथे मजलाभर बसली आहेत. शेवटी कागद सिक्युरिटीच्या साहेबांकडे गेला. हे फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. अख्ख्या ऑफिसात मुद्द्याचा प्रश्न त्यांनी एकट्यानेच विचारला, “सायरन झाल्यावर कुत्रं कसं वागतं? बंकरमध्ये वीस माणसं कोंबलेली असत्यात. एक जरी बिथरलं तरी सगळ्यांचं वाटोळं.”

मला काय माहीत? पण मी झोकात लिहून दिलं : ‘अत्यंत धीट. मालकाचे गुण उतरले आहेत.’

“उद्या घेऊन या,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने त्याला नेलं. साहेबांनी बसवलं, चहा मागवला, बिस्किटं मागवली. बशीतलं एक बिस्किट उचलून मी त्याच्या शौर्याची एक गोष्ट रचून सांगायला लागलो, आणि नेमका त्याच वेळी डोक्यावरचा फायर अलार्म कोकलला.

पुढचं मला आठवतं ते थेट जिन्यावरून. दोन मजले उतरलो होतो. पायात एकच चप्पल, हातात बिस्किट. पट्टा हातात नव्हता.

अलार्म थांबल्यावर भिंतीला धरून वर आलो. एचआरच्या बाई तोंडाला रुमाल लावून हसू दाबत दारात उभ्या. आत कुत्रा साहेबांच्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि जांभई दिली. साहेब माझ्या अर्जावर काहीतरी लिहीत होते.

“साहेब, मी... ते... अचानक वाजलं ना, म्हणून.”

“कुत्रं पास हाय,” साहेबांनी मान वर केली नाही. “ह्याला न्यायला एखादा मर्द गडी बघा, लगेच पाठवतो.”