साहेबांनी लिहिलेलं एकच नाव

उद्योजक किती वाढले हे मोजायला आलेल्या सरकारी माणसाला मी एकदा खोटं उत्तर दिलं. आज शेंद्र्याला माझा कारखाना आहे तो त्या उत्तरावर.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता आणि त्याच वर्षांत शहराच्या कडेनं कारखाने उभे राहत होते. गारखेड्यात आमचा भाड्याचा गाळा होता. आयटीआयमधला माझा एक मित्र आणि मी तिथं जुन्या लेथवर गाड्यांना लागणारे बुश करायचो. धंद्याची कल्पना त्याची. लेथ त्यानंच हुडकला, पहिलं काम त्यानंच मिळवलं. मी त्याच्या हाताखाली शिकलो. पण तो बौद्ध होता, आणि गाळा देणाऱ्या काकांनी आधीच बजावलं होतं, "पोरं चांगली पाहिजेत. ते मोर्चेवाले नकोत."

तोड मित्रानंच काढली. "बोर्डावर तुझं नाव टाक. मी तुझा कारागीर. काम मिळाल्याशी मतलब."

बोर्ड लागला त्या दिवसापासून तो मला मालक म्हणू लागला. "मालक, चहा सांगा की! कामगारांचे लई हाल चाललेत इथं." आम्ही दोघंही हसायचो.

मग सरकारनं नव्या उद्योजकांना औद्योगिक वसाहतीत शेड द्यायचं ठरवलं. घरात धंद्याची परंपरा नसताना ज्यानं स्वतः काही उभं केलं, त्याला आधी. जिल्ह्यात अशी माणसं किती, याची पाहणी करत एक साहेब गाळ्यागाळ्यांतून फिरत होते. मित्राचा जीव त्या शेडवर जडला होता. "तिथं काकाबिका कोणी नाय. दोघांची नावं लावू बोर्डावर. माझं वर, हां!"

साहेब आले तेव्हा काका सोबतच होते. "काका, साहेबांसाठी चहा सांगता का?" म्हणून मी त्यांना बाहेर काढलं. एवढं मी बरोबर केलं. मित्रानं लेथ बंद करून हात पुसले.

साहेब म्हणाले, "बोर्ड मी वाचलाय, तो राहू द्या. धंदा सुरू करायचं कुणाच्या मनात आलं? बुडाला असता तर कुणाचा बुडाला असता? एकच नाव सांगा."

आम्ही दोन नावांची तयारी केली होती. एकच म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "माझं."

"आणि हे?"

"कारागीर."

मित्रानं झटकन दाराकडं पाहिलं. काका परत आले असतील, म्हणून मी असं बोललो, असं त्याला वाटलं. दारात कोणी नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि लेथ चालू केला.

त्या पाहणीत जिल्ह्यात एक उद्योजक वाढला. आकडा बरोबरच होता. आमच्या गाळ्यात उद्योजक एकच होता.

शेड मला मिळाली. लेथ हलवला, नव्या जागी बसवला, तो मित्रानंच. "पुढं नावं बदलून घेऊ," मी म्हणालो. "व्हय, मालक," तो म्हणाला. हसला नाही. वर्षभर कामाला येत राहिला, मग यायचा थांबला. नावं बदलायची माझ्याकडून राहून गेली असं मी लोकांना सांगतो. राहून गेली नाहीत. मी बदलली नाहीत.

पुढे विद्यापीठाला नवं नाव मिळालं, तेव्हा पेढे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. सगळी गल्ली निळ्या पताकांनी भरली होती. आज त्याच्या घरच्यांसमोर सगळं सांगायचं, असं वाटेत ठरवलं होतं.

दारात त्याची बायको होती. तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि आत हाक मारली, "अवो, तुमचे जुने मालक आलेत!"

म्हणजे त्यानं घरीसुद्धा काही सांगितलं नव्हतं. माझी अब्रू त्यानं तिथंही सांभाळली होती.

घरात खुर्ची एकच. तिनं ती पदरानं पुसून पुढं केली. मित्र भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत होता, वाट पाहत असावा.

"बसा ना, मालक," ती म्हणाली.

मी बसलो.