पोट बरं हाय, असं मीच सांगितलं हुतं

बायांनो, आज सकाळी धाकट्या जावेला, शांताला, घेऊन नगरला डायलिसिसला गेल्ते. मशीनला लावायच्या आधी नर्सनं तिला इचारलं, "पोट साफ होतं का?"

शांता म्हनली, "व्हय, बरं हाय."

मी म्हनले, "खोटं बोलतीया. पाच दिस परसाकडं झालं न्हाई. ताट दिसलं की मळमळतं तिला."

"अवो आक्का, गप बसा की," शांता पुटपुटली.

नर्स म्हनली, "आजी, बरं झालं सांगितलंत. यांना पाणी मोजून, त्यात एवढ्या गोळ्या, पोट गच्च होतंच. डॉक्टर औषध देतील. घरचं काही देऊ नका."

मी भाईर बाकावर जाऊन बसले.

नव्वद सालानंतर आमच्या मालकांचं डायलिसिस चालू हुतं, एस्टीनं पुण्याला जाऊन. ताट सारून म्हनायचे, "पोट गच्च हाय गं." मी म्हनायची, "बिनमिठाचं खायला नको, म्हनून ही नाटकं."

एकदा डॉक्टरीनबाईंनी त्यांना पोटाचं इचारलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हनले, "पोट बरं हाय." शिकलेल्या बाईफुडं परसाकडंचं बोलायची मला लाज. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मशीनच्या खाटंवर जाऊन पडले.

ते किडनीनं गेले, त्याला माझा इलाज नव्हता. पन शेवटचं वरीसभर पोट धरून बसले, ते माझ्या लाजंपायी.

तुमच्या घरात दुखनेकऱ्याच्या आधी "बरं हाय" कोन म्हनतं? तिला गप करा.